टेबलावर फोन आणला की खेळाडू बाद? जरा ऐकून घ्या

लंगडा_गॉब्लिन

परवा आपल्या डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) ग्रुपवर एका जुन्या डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, पोस्ट आली. सार एवढंच: "माझ्या टेबलावर फोन दिसला तर तो टोपलीत जाईल. कॅरेक्टर शीट (आपल्या पात्राचे आकडे आणि माहिती) कागदावर, फासे हातात. ज्याची बेरीज अ‍ॅप करतं तो खेळत नाही, अ‍ॅपचा खेळ बघत बसतो." खाली अंगठ्यांची रांग. तिथे चार ओळींच्या वर कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी पैशाचं बोलू. प्लेयर्स हँडबुक बाहेरून येतं, काही हजारांना. डीएमचं पुस्तक वेगळं, राक्षसांचं वेगळं. कॉलेजातल्या पोराने हे आणायचं कुठून? पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे कुणीही वापरावं अशा परवान्याखाली, फुकट आहेत. (लायसन्सवरून लोकांनी खेळाच्या कंपनीला सळो की पळो केलं तेव्हा कुठे ते मिळाले, हे विसरू नका.) ते तो पोरगा फोनवर वाचतो. फोन टोपलीत टाकलात म्हणजे त्याचं पुस्तक काढून घेतलंत.

दुसरं, ड्रुइड, म्हणजे प्राण्याचं रूप घेणारं पात्र. कुणी ड्रुइड खेळलंय का कागदावर? वाइल्ड शेपमध्ये अस्वल व्हायचं तर अस्वलाचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे त्याच्या आकड्यांचा तक्ता, हवा, लांडगा व्हायचं तर लांडग्याचा. आमच्याकडे एक जण स्टेपल केलेली सोळा पानं घेऊन यायचा, आणि त्याची पाळी आली की बाकीचे चहा टाकून यायचे. अ‍ॅपवर दोनदा बोट लावलं की अस्वल समोर.

आणि बेरजेचं म्हणाल तर १३ अधिक ७ वीस होतात हे मला दुसरीपासून येतं. ते करायला मी शनिवार संध्याकाळ मोकळी ठेवत नाही. गॉब्लिनच्या सरदाराला थाप मारायची की त्याचं नाक फोडायचं, हे ठरवायला ठेवतो.

टोपली म्हणे. बोर्डाची परीक्षा आहे का?

सदाशिवपेठी_ड्रॅगन

ती पोस्ट माझी. नाव घ्यायला संकोच कसला?

आता टोपली कुठून आली ते ऐका. आमचा विझार्ड (जादूगार), लेव्हल पाच, शीट फोनवर. लढाई ऐन रंगात. त्याची पाळी आली. "कुठे आहोत आपण?" सगळ्यांनी पुन्हा सांगितलं. "बरं, फायरबॉल." आगीच्या त्या गोळ्याच्या वीस फुटांच्या त्रिज्येत आपलाच क्लेरिक (पुजारी) उभा होता, आधीच अर्धमेला. इजा आठ सहामुखी फाशांची, सरासरी २८. क्लेरिक गेला. कारण काय, तर शीटच्या मागे स्कोअर उघडा होता आणि बुमराची शेवटची ओव्हर चालू होती.

पुढची गंमत त्याच दिवशीची. कॅफेच्या तळघरात नेटवर्क गेलं आणि अ‍ॅप गोल गोल फिरायला लागलं. मी म्हटलं, असू दे, तुझा अटॅक बोनस (हल्ल्याच्या दानात मिळवायचा आकडा) सांग. त्याला माहीत नाही. कसा काढायचा तेही माहीत नाही. प्रोफिशियन्सी अधिक इंटेलिजन्सचा मॉडिफायर. दोन आकडे! मी काही एकोणतीसचा पाढा म्हणायला सांगितला नव्हता. वर्षभर खेळत होता तो.

पावशेर

अ‍ॅप वापरा नाहीतर ताम्रपट कोरा, आधी वेळेवर या. पाचला ठरलं की पहिला माणूस साडेपाचला, शेवटचा "ट्रॅफिक रे" म्हणत साडेसहाला. कॅफेवाला माणशी तासाचे पैसे घेतो. दीड तास आम्ही फ्राइज खाण्याचं भाडं भरतो. यावर कुणी धागा काढत नाही.

टोरांटोकर

मी इथे, बाकीचे पुण्यात. माझी शनिवार सकाळ, त्यांची संध्याकाळ. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की दरवर्षी एक सेशन बोंबलतं, तेवढं सोडलं तर रोल ट्वेंटी (ऑनलाइन टेबल) आणि डिस्कॉर्डवर (बोलायला) व्यवस्थित चाललंय. ड्रॅगनसाहेब, तुमच्या नियमाने माझा खेळच बंद. मी टोपलीत काय, अख्खा लॅपटॉप टाकू?

सदाशिवपेठी_ड्रॅगन

ऑनलाइनला माझा आक्षेप नाही. "माझ्या टेबलावर" असं लिहिलंय, चष्मा लावून वाचा.

पेन्सिलराव

मला स्कोअरबिअरचं काही नाही. माझा मुद्दा मालकीचा आहे आणि तो इथे कुणी काढलेला नाही. अ‍ॅपमधलं शीट तुमचं नाही. ऑगस्ट २०२४ आठवा. नवीन आवृत्ती येणार म्हणून डी अँड डी बियाँडने, म्हणजे कंपनीच्याच शीटच्या अ‍ॅपने, जाहीर केलं की शीटवरचे २०१४ च्या नियमांचे स्पेल (मंत्र) आणि जादूच्या वस्तू नवीन नियमांनी बदलल्या जातील, जुने हवे असतील तर होमब्रू (घरचे नियम) म्हणून स्वतः टाइप करा. म्हणजे तुमचा काउंटरस्पेल (समोरच्याचा मंत्र मोडणारा स्पेल) कॅम्पेनच्या, चालू कथेच्या, मध्यावर बदलणार. जुन्यात तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा स्पेल सरळ हाणून पाडता यायचा, नव्यात समोरच्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे फासा टाकून वाचायची संधी, मिळतो. फरक लहान नाही. बोंबाबोंब झाली, काही दिवसांत कंपनीने माघार घेतली. पण बटण त्यांच्याच हातात होतं ना? माझ्या वहीतला काउंटरस्पेल बदलायला कुणाला तरी रात्री घरात शिरून खोडरबर चालवावं लागेल.

लंगडा_गॉब्लिन

मुद्दा मान्य, पण हा एका कंपनीविरुद्धचा मुद्दा आहे, फोनविरुद्धचा नाही. शीटची पीडीएफ फोनमध्ये ठेवली तर कोण बदलणार? फाउंड्री हे ऑनलाइन टेबलाचं सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यायचं आणि आपल्याच मशीनवर चालवायचं, हाही पर्याय २०२० पासून आहे.

नागपुरी_ऑर्क

पीडीएफचं नाव काढू नका राजेहो. माझ्या बार्बेरियनचं नाव धोंडी वेताळभक्त. ज्या अ‍ॅपात शीट बनवलं त्याच्या पडद्यावर नाव झकास दिसते. पीडीएफ काढली तर नावाच्या जागी चौकोनांची रांग. डीएम मला तीन सेशन "चौकोनसाहेब" म्हणत होता. मराठीत खेळणारे इतके लोक, एक धड अ‍ॅप नाही. कागदावर निदान धोंडी तरी लिहिता येते.

चहाबाज

सगळे शीटवर भांडताय. खरा घोळ फाशांचा आहे. अ‍ॅपचे फासे फिक्स असतात, लिहून घ्या. मागच्या वेळी अ‍ॅडव्हान्टेज असून, म्हणजे वीसमुखी फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा असून, मला लागोपाठ नॅट वन (फाशावर नुसता १). हातातल्या फाशावर आयुष्यात असं झालेलं नाही. मोबाईलवर ल्युडो खेळा म्हणजे कळेल, समोरच्याला नेमकं हवं तेच दान पडतं.

सरासरी_माणूस

"लिहून घ्या" म्हणालात म्हणून लिहूनच देतो. वीसमुखी फाशावर लागोपाठ दोनदा १ पडण्याची शक्यता ४०० मध्ये १. दुर्मीळ वाटतं? संध्याकाळभरात टेबलावर दीडशेएक फेकी सहज होतात. म्हणजे दर तीन-चार बैठकांत कुणाच्या ना कुणाच्या नशिबी हे येणारच. तुम्हाला तुमचा आठवतो, शेजारच्याचा आठवत नाही, एवढंच.

उलट अ‍ॅडव्हान्टेजवर नॅट ट्वेंटी येण्याची शक्यता ५ वरून ९.७५ टक्के होते. तेव्हा "अ‍ॅप फिक्स आहे" म्हणून कुणी रडल्याचं ऐकिवात नाही.

चहाबाज

आकडे फेकू नका, फासे फेका. माझा अनुभव खोटा आहे का?

सरासरी_माणूस

अनुभव खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. आणि हातातल्या फाशांची एवढी भलामण करताय, ते स्वस्तातले प्लॅस्टिकचे फासे पिंपात घोळवून गुळगुळीत करतात. कडा कुठे कमी झिजतात, कुठे जास्त, आत हवेचा बुडबुडाही राहतो. कॅसिनोत पारदर्शक, तीक्ष्ण कडांचे फासे का असतात, विचार करा. तुमचा लाडका फासा ग्लासभर पाण्यात तो तरंगेपर्यंत मीठ घालून सोडा आणि टिचक्या मारून फिरवा. दर वेळी तोच आकडा वर आला तर त्याची समोरची बाजू जड. वीस वर येत असेल तर खाली १ आहे, समोरासमोरच्या बाजूंची बेरीज २१ असते.

कोल्हापुरी_कोबोल्ड

आत्ता केलं. अर्धा पुडा मीठ गेलं, आई बघत्या नुसती. निळा फासा दर वेळी १७ वर आणतोय. लय भारी. ह्यो आता कुणाला देणार न्हाई.

सरासरी_माणूस

जपून. आत बुडबुडा आहे एवढंच त्यातून कळतं, टेबलावर फेकल्यावर फरक किती पडतो ते नाही. त्यासाठी शंभराच्या वर फेकी लिहून काय-वर्ग चाचणी (फरक निव्वळ नशिबाचा आहे का ते तपासणारी) लावावी लागेल.

कोल्हापुरी_कोबोल्ड

भावा, १७ येतंय म्हटल्यावर चाचणी कशाला?

पेन्सिलराव

शकुनीची परंपरा जिवंत आहे म्हणायची.

पावशेर

आला शकुनी. मी वाटच बघत होतो.

चहाबाज

शकुनीचे फासे निदान सगळ्यांसमोर पडत होते. अ‍ॅपच्या आत काय चाललंय ते कुणी बघितलंय?

टोरांटोकर

ल्युडो आणि रोल-प्लेइंगचं अ‍ॅप एकाच मापाने मोजू नका. ज्या खेळात पैसे लागतात तिथे फासे वाकवण्यात कुणाचा तरी फायदा असतो, म्हणून संशय रास्त. पैसे लावून ल्युडो हे कौशल्य की नशीब, यावर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली. आता ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आली. पण तुमच्या रेंजरला नॅट वन देऊन कुणाला काय मिळणार आहे? गॉब्लिन कंपनीला कमिशन देतात?

लंगडा_गॉब्लिन

गॉब्लिन कुणालाच काही देत नाहीत. मूळ विषयावर या लोकहो.

सदाशिवपेठी_ड्रॅगन

मूळ विषय हाच आहे. फासा पडतो तेव्हा पाच माणसं टेबलावर वाकतात. चिवड्याच्या वाटीला टेकून तिरका राहिला तर तो धरायचा की पुन्हा फेकायचा, यावर पाच मिनिटं कचाकचा भांडतात. स्टीलच्या ताटात फेकला तर शेजारी दार वाजवतात. हे अ‍ॅपमध्ये आहे? तिथे एक जण खाली मान घालून म्हणतो, "अठरा आले." आम्ही म्हणतो, बरं. तुमच्या पिढीला हे कळणार नाही.

लंगडा_गॉब्लिन

पिढी काढलीत म्हणून बोलतो. तुमच्या टेबलावरून गेल्या वर्षी जे उठून गेले ते फोनमुळे गेले का? तुम्ही चालू लढाईत त्यांची ग्रॅपलच्या (धरपकडीच्या) नियमांची तोंडी परीक्षा घेतली होती. त्यातले दोघं आज माझ्याकडे खेळतात.

सदाशिवपेठी_ड्रॅगन

तुमच्याकडे खेळतात म्हणजे अ‍ॅपकडे खेळतात. लखलाभ.

पावशेर

हाणामारी चालू. इनिशिएटिव्ह (आधी कुणाची पाळी) टाका.

काकू_लेव्हल_९

तुमचं आटपलं असेल तर बोलू? मला मुलीने पन्नाशीनंतर या खेळात ओढलं. छापील शीटवरची अक्षरं म्हणजे मुंग्या. फोनवर मी ती बोराएवढी करते. ड्रॅगनभाऊ, माझाही फोन टोपलीत का?

आमच्यात मुलीचा एक मित्र आहे, त्याला अजिबात दिसत नाही. एका कानात इअरफोन, टॉकबॅक त्याला शीट वाचून दाखवतं, आणि तेही अशा वेगाने की मला एक शब्द कळत नाही. फासाही अ‍ॅपचाच, कारण तो आकडा बोलतो. पूर्वी त्याचा फासा दुसरं कुणीतरी वाचायचं. एकदा वाचणाऱ्याने गंमत म्हणून चुकीचा आकडा सांगितला. त्या दिवसापासून त्याने हातात फासा धरलेला नाही. सगळ्या टेबलात स्पेलचे नियम त्यालाच सगळ्यात पाठ आहेत, आमचा डीएम अडला की त्यालाच विचारतो.

सदाशिवपेठी_ड्रॅगन

काकू, तुम्हाला आणि त्याला सूट.

काकू_लेव्हल_९

सूट! आरटीओचं लायसन्स देताय का?

सदाशिवपेठी_ड्रॅगन

बरं, सूट शब्द मागे. दोघं या, फोनसकट. पण बाकीच्यांना हे निमित्त मिळायला नको. ज्याला उत्तम दिसतं त्याला बुमराही उत्तम दिसतो.

चहाबाज

त्या मुलाला अ‍ॅप सांगेल तोच आकडा खरा मानावा लागतो, म्हणजे माझा मुद्दा उलट पक्का झाला.

सरासरी_माणूस

शंभर फेकी लिहून आणा. तोवर मी बोलत नाही.

कोल्हापुरी_कोबोल्ड

दुसरा फासा पण टाकला. हिरवा ३ वर येतोय. ह्यो ड्रॅगन सरांना भेट देतो.

लंगडा_गॉब्लिन

ड्रॅगन, तोडगा सांगा. काकूंना हो म्हणालात, मग ड्रुइडने काय पाप केलंय?

सदाशिवपेठी_ड्रॅगन

ठीक. माझ्या टेबलावर फोन चालेल, एअरप्लेन मोडवर. ना स्कोअर, ना व्हॉट्सअ‍ॅप. शीट बघा, अस्वल बघा. फासे मात्र हातातले, काकूंचा पाहुणा सोडून. एवढं उदार मी पंधरा वर्षांत झालेलो नाही.

लंगडा_गॉब्लिन

चालेल. फक्त माझं अ‍ॅप नेटशिवाय उघडत नाही, दर वेळी लॉगिन मागतं.

पेन्सिलराव

😂

सदाशिवपेठी_ड्रॅगन

मग पेन्सिल आणा. खोडरबर माझ्याकडे आहे.