सतत चार्जरला, तरी बॅटरीची क्षमता ६० टक्क्यांवर. दुपारी तर चार्जच होत नाही

कासरा (अकोला):
१५.६ इंची लॅपटॉप, चार वर्षं जुना, चार्जर मूळचाच ६५ वॅटचा. दिवसभर टेबलावर, चार्जरला लावलेला. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढला: डिझाइन कपॅसिटी ५६,००० मिलिवॅट-अवर, फुल चार्ज कपॅसिटी ३३,६००, सायकल काउंट (बॅटरी पूर्ण भरून-वापरून किती वेळा झाली तो आकडा) फक्त ९४.

चार्जर काढला की २८-३० टक्क्यांवर धाडकन बंद पडतो. दुपारी चार्जिंग ६०-६५ टक्क्यांवर अडतं, 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' दिसतं. रात्री त्याच सॉकेटवर नीट पूर्ण होतं. व्हिडिओ कॉलवर सीपीयू ९५ अंशांवर जातो आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) १.२ गिगाहर्ट्झवर येतं. दुपारी कूलर लावूनही खोली ३८-३९ अंश असते. दुरुस्तीवाला चार्जिंग आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) बदलू म्हणतोय. बदलावा का?

खटपट्या:
इतक्यात नको. आयसी गेला असता तर रात्रीही चार्ज झाला नसता. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करत नाहीत. बॅटरीतला थर्मिस्टर तापमान सांगतो आणि सर्किट चार्जिंग रोखून धरतं. खोलीच ३९ अंश आणि शेजारी ९५ अंशांचा सीपीयू, मग सेल ४५ ओलांडणारच. खात्री करायची तर दुपारीच लॅपटॉप बंद करा, अर्धा तास निवू द्या आणि बंद ठेवूनच चार्जिंगला लावा. ६५ च्या पुढे गेला तर दोष उष्णतेचा.

९४ सायकलींत ४० टक्के कपॅसिटी वापरामुळे जात नाही. सेल पूर्ण भरलेला म्हणजे ४.२ व्होल्ट किंवा त्याहून वर, आणि वर्षानुवर्षं तसाच गरम राहिला की आतल्या आत झिजतो. चार्जरला लावून ठेवल्याने सायकली तेवढ्या वाचतात. बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्ज लिमिट असेल तर ८० टक्के करा. लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल तर ६०.

३० टक्क्यांवर बंद पडण्याचंही कारण हेच. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो. टर्बोने (प्रोसेसरचा वेग तात्पुरता वाढवणारी सोय) एकदम ३०-४० वॅट खेचले की व्होल्टेज कोसळतं आणि सर्किट पुरवठा तोडतं. 'कॅलिब्रेट करा', म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरवा, असा सल्ला मिळेल. त्याने आकडा सुधारेल, सेल नाही.

सोल्डरगन:
निदान पटलं. पण नवी बॅटरी आधी टाकलीत तर तीही याच भट्टीत भाजेल. एक सांगा: कॉल सुरू केल्यावर ९५ गाठायला किती वेळ लागतो?

कासरा:
पाच-सहा मिनिटं. उजवीकडच्या जाळीतून हवा अगदी क्षीण येते, फॅन मात्र ओरडत असतो.

सोल्डरगन:
मग धूळच. सीपीयू आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली असती तर लोड पडताच दोन-चार सेकंदांत ९० पार झालं असतं. हळूहळू चढतंय म्हणजे उष्णता हीटसिंकपर्यंत पोचते, बाहेर पडत नाही. फॅन आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो, आतल्या बाजूने. बाहेरून ब्लोअर मारला तर तो सुटत नाही, उलट फॅनमध्ये जाऊन अडकतो.

लॅपटॉप बंद करा, मागचं कव्हर काढा आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. वायर ओढू नका, प्लास्टिकची पट्टी वापरा. पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. मग फॅनचे स्क्रू काढून फॅन उचला, थर चिमट्याने काढा आणि पाती मऊ ब्रशने साफ करा. ब्लोअर वापरलात तर फॅन बोटाने धरून ठेवा. भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं.

चार वर्षं झालीच आहेत, तर पेस्टही बदला. हीटसिंकचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या उलट क्रमाने, थोडे थोडे सैल करा. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅपटॉपच्या उघड्या डायवर (झाकण नसलेल्या चिपवर) पातळ पेस्ट लवकर कडेला सरकते, म्हणून घट्ट पेस्ट किंवा पेस्टऐवजी लावायची हनीवेलची पीटीएम ७९५० शीट घ्या. लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नका. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं. थर्मल पॅड (बाजूच्या चिप्सवरच्या मऊ पट्ट्या) फाटले तर त्याच जाडीचे लावा. १ मिमीच्या जागी १.५ लावला तर हीटसिंक सीपीयूवर टेकतच नाही.

तोपर्यंत पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा. टर्बो बंद होतो, व्हिडिओ कॉलला फरक जाणवत नाही. काही मॉडेलवर हा पर्याय लपवलेला असतो. कूलिंग पॅडचे पैसे वाचवा. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला. कूलरचा झोत मात्र थेट लॅपटॉपवर नको. दमट हवेत धूळ चिकटून बसते.

मिलिअँपिअर:
बॅटरी घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा. त्याच लॅपटॉपला ११.४ आणि १५.२ व्होल्ट अशा दोन्ही बॅटऱ्या येऊ शकतात. त्याच आकारात ५६ ऐवजी ७५ वॅट-अवर लिहिलेलं दिसलं तर दुकान बदला. उत्पादनाची तारीखही पाहा. घरी आणल्यावर पुन्हा रिपोर्ट काढा, फुल चार्ज कपॅसिटी डिझाइनच्या जवळपास हवी.

कव्हर उघडाल तेव्हा जुनी बॅटरी फुगलीय का बघा. टचपॅड वर आला असेल किंवा क्लिक होत नसेल तर ती खूण आहे. फुगली असेल तर चार्जिंग तिथेच थांबवा, दाबू नका, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. काढल्यावर टर्मिनलवर टेप लावून ई-कचरा केंद्रात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरलाही विचारा.