प्रवासातली काटकसर : चार रुपयांचा हिशोब लागत नाहीये (अनुभव धागा)

अबोली_४२

रविवारी माळा काढला आवरायला. होल्डॉल (प्रवासात अंथरूण गुंडाळून न्यायची पट्ट्यांची पिशवी) निघाला, तो भंगारवाल्याला दिला (पट्टे अजून शाबूत होते, जीव तुटला जरा). देण्याआधी खिसे चाचपले तर बाबांची छोटी वही. वर लिहिलंय 'दक्षिण भारत, मे १९८८'.

मी तेव्हा नऊची, बंड्या सहाचा. बाबांनी गोल तिकीट काढलं होतं, म्हणजे सर्क्युलर. पुण्याहून निघून मिरज, बंगळूर, म्हैसूर, त्रिवेंद्रम, कन्याकुमारी, रामेश्वर, मद्रास करत परत पुणे, सगळं एका तिकिटावर. अंतर वाढलं की किलोमीटरमागचा दर उतरतो, म्हणून सुट्या तिकिटांपेक्षा हे स्वस्त पडतं. हे त्यांनी आम्हाला वाटेत निदान दहा वेळा समजावलं, आणि समोरच्या बाकावरच्यांनाही. आठ ठिकाणी उतरायची मुभा होती. बाबांनी आठच्या आठ वापरल्या. एका ठिकाणी तर निव्वळ मुभा आहे म्हणून उतरलो, वेटिंग रूममध्ये आंघोळी केल्या आणि पुढच्या गाडीत बसलो. गावाचं नावही आठवत नाही.

वहीत रोजचा हिशोब. 'चहा २ – १.५०. केळी अर्धा डझन – २.००. दूध (बंड्या) – १.२५.' जेवणाच्या रकान्यात पहिले तीन दिवस नुसती आडवी रेघ. म्हणजे घरचं. आणि हिशोबाच्या शेवटी, खाली दोनदा रेघ ओढून : 'फरक रु. ४. लागत नाही.' पुढची चार पानं तेच सगळं पुन्हा मांडून पाहिलंय. चार रुपयांसाठी चार पानं!

तुमच्या घरचे, तुमचे स्वतःचे असे प्रवास लिहा ना. हल्लीचेही चालतील.

दगडफूल

पाण्याचा मयूर जग कोणाकडे होता, हात वर करा. आमचा लाल. गाडी थांबली की बाबा तो घेऊन नळावर, आणि गाडी सुटेपर्यंत आईचा जीव खिडकीत.

चकलीचा_काटा

आमचा निळा. बूच हरवलेलं, त्याला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड.

गाडीवान

गोल तिकीट अजूनही मिळतं बरं का. फक्त खिडकीवर जाऊन मागितलं तर समोरचा आधी आपल्याकडे बघतो, मग शेजारच्याकडे. काही ठरलेले मार्ग असतात, आपला वेगळा असेल तर रेल्वेच्या विभागीय कार्यालयातून मंजूर करून आणावा लागतो. मी २०१४ साली केलं होतं. दोन हेलपाटे झाले, पण झालं. बर्थचं आरक्षण मात्र प्रत्येक टप्प्याचं वेगळं करावं लागतं, हे विसरू नका.

आणि साध्या तिकिटावरही मध्ये उतरता येतं हे लोकांना माहीतच नसतं. तिकीट ५०० किलोमीटरच्या वरचं हवं आणि पहिला उतार ५०० किलोमीटर झाल्यावरच. हजारच्या वर असेल तर दोनदा. बाकी १९८८ म्हणजे तुम्ही मिरजेला गाडी बदलली असणार. पुण्याकडून ब्रॉडगेज म्हणजे रुंद रूळ, मिरजेपासून पुढे बंगळूरपर्यंत मीटरगेज म्हणजे अरुंद, तीच गाडी पुढे जायची नाही. सगळं सामान उचलून या गाडीतून त्या गाडीत. काय गर्दी असायची!

अबोली_४२

हो!! मिरज आठवतंय. म्हणजे पुसटसं. अर्धी झोपेत होते.

सुट्टे_पैसे_द्या

माझी काटकसर ऐका. कॉलेजात होतो, जनरलचं साधं तिकीट काढलं आणि समोर सुपरफास्ट उभी दिसली म्हणून चढलो. जनरलच्या डब्याला सुपरफास्टचे वेगळे १५ रुपये असतात हे ठाऊक होतं, मुद्दामच नाही काढलं. म्हटलं या चेंगराचेंगरीत टीसी येतोय कुठला. तो डब्यात आलाच नाही. उतरल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभा होता. वाचले पंधरा, गेले अडीचशेच्या वर. घरी अजून सांगितलेलं नाही.

दगडफूल

आता सांगितलंत की. :)

रंकाळ्याचा_वारा

आमच्या म्हाताऱ्याचं सांगतो. आजोबांना पंचाहत्तर पूर्ण झाली आणि त्याच सुमाराला, ऑगस्ट २०२२ मध्ये, एसटीनं पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट केलं. तेव्हापासून माणूस घरात सापडत नाही राव. सोमवारी जोतिबा, मंगळवारी कुठं, गुरुवारी नरसोबाची वाडी. तिथं प्रसाद मिळतो म्हणजे दुपारचं जेवणही सुटलं. आधारकार्ड गळ्यात लावून फिरतंय.

खरी गंमत पुढं. त्यांची बहीण निपाणीला. एसटी फुकट फक्त महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत, पुढचं तिकीट पडतं. तिकडं बहिणीला कर्नाटकच्या बसमधनं जून २०२३ पासून फुकट, पण ते कर्नाटकात. मग आता ही दोघं भावंडं फोनवर अर्धा अर्धा तास खल करत्यात की हद्दीच्या अलीकडचं कागल आणि पलीकडचं कोगनोळी, यांच्या मधे भेटायचं कुठं. तिकीट किती म्हणाल तर एका चहाचं. मी म्हटलं मी देतो. म्हणाले, प्रश्न पैशाचा नाही.

चकलीचा_काटा

"प्रश्न पैशाचा नाही" =)) हे प्रत्येक काटकसरी माणसाचं आवडतं वाक्य.

मीनाक्षी_नाशिक

आमच्याकडे सासूबाई. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून सासरे गाडी काढतो म्हणाले तरी ह्या स्टँडवर. "तुम्ही या मागून पेट्रोल जाळत." सप्तशृंगीला त्या आमच्या आधी पोचल्या होत्या एकदा. कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते.

उलटी_पावलं

२०११, मी आणि मित्र, एक जुनी स्कूटर, मुरुड ते गणपतीपुळे. ठरवलं होतं की मोठ्या रस्त्याला लागायचंच नाही, खाडी आली की तर (गाड्या पलीकडे नेणारी बोट). आगरदांड्याहून दिघी, मग श्रीवर्धन-हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून वेश्वी, केळशी-आंजर्ले-हर्णे, दाभोळहून धोपावे, मग गुहागर, शेवटी तवसाळहून जयगड. स्कूटर तरीवर चढवायची, पलीकडे उतरायचं. वळसा वाचतो, पेट्रोल वाचतं, आणि वारा फुकट.

मुक्काम घरगुती. केळशीला एका आजींकडे ओटीवर झोपलो. जेवणाचे किती विचारलं तर म्हणाल्या, "आधी जेवा तर, मग बघू किती जेवताय." फणसाची भाजी, तांदळाची भाकरी, सोलकढी. मित्र सात भाकऱ्या जेवला. सकाळी आजींनी दोघांचे सारखेच पैसे लावले. माझ्या तीन, त्याच्या सात. ते मला अजून लागलेलं आहे.

दाभोळला शेवटची तर चुकली. लॉजवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून जेटीवरच पसरलो. डासांनी फोडून काढलं. पहाटे डोळे उघडले तर डोक्याशी मासळीच्या टोपल्या आणि एक मावशी म्हणतेय, "उठा रे, गिऱ्हाईक येईल, तुमचाच भाव करेल." तसं बघितलं तर लॉज परवडलं असतं. पण मग ही मावशी भेटली नसती, असं मित्र म्हणतो. मी म्हणतो, पाठ शाबूत राहिली असती.

गाडीवान

तरीवर स्कूटरचे किती घेतात आता?

उलटी_पावलं

आताचं माहीत नाही, बरीच वर्षं झाली. आता मित्राकडे मोठी गाडी आहे आणि त्याची बायको जेटीवर झोपत नाही.

स्टुटगार्टचा_शेजारी

जर्मनीतलं चालेल ना? २००९, विद्यार्थी होतो. तेव्हा शनिवार-रविवारचं एक तिकीट मिळायचं, पाच जणांत एक, दिवसभर कुठेही जा, फक्त जलद गाड्यांत बसायचं नाही. प्रादेशिक गाड्या, दर दहा मिनिटांनी स्टेशन. आम्ही मराठी चौघं. पाचवा शोधायचा तो थेट फलाटावर. तिकिटाच्या मशीनपाशी उभं राहायचं आणि कोणी पाकीट काढताना दिसलं की मोडक्या जर्मनमध्ये "कुठे जाताय?" लोक आधी दचकायचे. एकदा एक आज्जी उल्मपर्यंत आल्या, वाट्याचे पैसे चोख मोजून दिले, वर पिशवीतला केक. आम्ही त्यांना चकली दिली. त्यांनी ती हातरुमालात बांधून ठेवली. खाल्ली की नाही देव जाणे.

मग २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये इथे ९ युरोत महिनाभर फिरा अशी योजना आली, नेमके तेव्हा आईबाबा आले होते. बाबांनी रोज रात्री वहीत किलोमीटर लिहिले. महिन्याच्या शेवटी भागाकार केला आणि त्या आनंदात रात्री अकराला परत चहा ठेवायला लावला. अबोली, ती पिढीच वहीवाली.

मीनाक्षी_नाशिक

आले. काय लिहीत होते विसरले. हां, आमच्या ह्यांचे एक मित्र हॉटेलच्या नाश्त्यातली उकडलेली अंडी टिश्यूत गुंडाळून दुपारसाठी घेतात. उन्हाळ्यात. गाडीच्या डॅशबोर्डवर. त्यावर नको आता.

हुजूरसाहिब_रोड

नांदेडची आहे मी. आमच्याकडून अमृतसरला सचखंड एक्सप्रेस जाते, तिच्यात जेवणाचा खर्च शून्य करता येतो. वाटेत पाच-सहा स्टेशनांवर लंगर असतो. सेवेकरी बादल्या घेऊन डब्याशी येतात आणि जात-धर्म काही न विचारता वाढतात. कढी-भात, छोले, भाजी, जे असेल ते. भांडं मात्र आपलं हवं. नेहमीचे लोक डबा, वाटी, चमचा घेऊनच चढतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या ह्यांनी शहाणपणा करून कागदी प्लेट घेतल्या होत्या. "धुवायची कटकट नको." कढी वाढली. प्लेटच्या तळातून ती थेट खालच्या बर्थवरच्या काकांच्या पगडीवर. काका काही बोलले नाहीत, फक्त त्यांचा स्टीलचा डबा वर धरला. परतीच्या प्रवासात आमच्याकडे चार डबे होते.

फुकट आहे म्हणून नाही, पण ती कढी मी घरी बरेचदा करून बघितली, तशी होत नाही.

सुट्टे_पैसे_द्या

दिल्लीला कोणी जाणार असेल तर पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, स्टेशनपासून जवळ. आमचे काका पूर्वी दरवेळी तिथेच. आता आधी फोन करून विचारा.

तिखटमीठ

सगळ्यांचं वाचलं, मजा आली. पण एक बोलू का? अबोली, तुझ्या बाबांच्या वहीत जेवणाच्या रकान्यात तीन दिवस आडवी रेघ आहे म्हणतेस. ती रेघ म्हणजे तुझ्या आईचं निघायच्या आदल्या रात्रीचं जागरण आहे. चार माणसांच्या तीन दिवसांच्या दशम्या, चटणी, धपाटे, चिवडा. आमच्याकडेही हेच. बाबा अख्ख्या गावाला सांगायचे, आम्ही बाहेर एक पैसा खात नाही. आई गाडीत बसल्या बसल्या झोपायची ती थेट भुसावळला उठायची. बघितलं काय तिने त्या प्रवासात? पोळ्यांचा डबा.

हिशोबात धरलंच नाही कोणी ते. चिडून नाही लिहीत, म्हणजे थोडं चिडूनच.

मीनाक्षी_नाशिक

+१. +१००.

गाडीवान

हे खरं आहे. आमच्या आईलाही खिडकी कधी मिळाली नाही. डबा तिच्या मांडीवर असायचा आणि खिडकी आम्हाला.

दगडफूल

आज आईला फोन करते.

अबोली_४२

तिखटमीठ, तुझं वाचून मीही आईला फोन लावला. ऐंशीची आहे, कान तल्लख. वहीचं सांगितलं, दोन रेघांचं सांगितलं. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, मला वाटलं रडेल. ती हसायलाच लागली.

"अगं ते मिरजेला दिले मी हमालाला."

झालं असं की गाडी बदलायची होती. बाबा बंड्याला खांद्यावर टाकून पुढे पळाले, त्या मीटरगेजच्या गाडीत जागा धरायला. "सामान आण हळूहळू" म्हणाले. ट्रंक, होल्डॉल, दशम्यांचा डबा, पाण्याचा जग, आणि झोपेत झुलणारी मी. आईने हमाल केला. तो पाच म्हणत होता, तिने चारवर आणला. सुट्या पैशांचं पाकीट तिच्याकडेच होतं. हमालाने सामान डब्याच्या दाराशी ठेवलं आणि गेला. बाबा आतून आले तर आई सामानाशी उभी. बाबा म्हणाले, "बघ, लागला का हमाल?"

"मग मी कशाला सांगू," आई म्हणाली. आणि पुढे पंधरा दिवस ते रोज रात्री वही घेऊन बसायचे, आणि ही शेजारी बसून म्हणायची, केळ्यांचे बघा हो, केळ्यांचे जास्त दिले असतील.

चकलीचा_काटा

केळ्यांचे बघा हो!!! मेले.

तिखटमीठ

काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

रंकाळ्याचा_वारा

चार म्हणजे त्या काळी जास्तच घेतले त्यानं. आमच्या आजोबांनी दोनात आणला असता.

तिखटमीठ

आजोबांनी हमाल केलाच नसता. आजीला विचारा.

रंकाळ्याचा_वारा

विचारलं. आजी म्हणाली, आम्ही मिरजेच्या पुढं गेलोच नाही कधी.

हुजूरसाहिब_रोड

अबोली, काकूंच्या दशम्या तीन दिवस कशा टिकायच्या ते विचार ना. माझ्या दुसऱ्या दिवशी वास मारतात.

अबोली_४२

विचारलं. पीठ दुधात भिजवायचं, पाण्याचा थेंब नाही. भाजल्या की पूर्ण गार होऊ द्यायच्या आणि मगच डब्यात, गरम भरल्या की घाम धरतात. कागदात नाही, धुतलेल्या सुती फडक्यात. किती पिठाला किती दूध विचारलं तर म्हणाली, "मोजून कोण घेतं?"

वही मागवून घेतलीय तिने. शनिवारी नेऊन देतेय, पेन्सिलसकट.

दगडफूल

आणि होल्डॉल? खरंच भंगारात दिलास? कितीला?

अबोली_४२

वजनावर गेला गं. बावीस रुपये. नको विचारूस.