रविवारी रात्रीची डेडलाइन: ख्रिश्चन इंटरनॅशनल शाळेत मुलांना विसावा कधी?

बंगळुरूची आई
मुलगी बारावीत, आयबी डिप्लोमा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. शाळा ख्रिश्चन आहे. आम्ही ख्रिश्चन नाही, पण तिथली माणसं आवडली म्हणून तिला घातलं. शिक्षक मन लावून शिकवतात, समुपदेशकही आहेत. तरी एक गोष्ट सलते. सहा विषय, त्यातले तीन हायर लेव्हल, म्हणजे वरच्या पातळीचे, प्रत्येकाचा आयए (शाळेतच करून तपासायचं काम, इंटर्नल असेसमेंट) वेगळा. वर ४,००० शब्दांचा संशोधन-निबंध म्हणजे एक्स्टेंडेड एसे, टीओके (आपल्याला कळतं ते कसं कळतं, यावरचा विषय) आणि कॅस (कला, खेळ, सेवा असे उपक्रम). ऑक्टोबरात याच्या जोडीला अमेरिकेतल्या कॉलेजांचे १ नोव्हेंबरचे अर्ज. आणि जवळपास प्रत्येक मसुदा रविवारी रात्री ११:५९ पर्यंत द्यायचा. गेल्या रविवारी साडेअकराला खोलीत गेले तर पोर टेबलावर डोकं टेकून झोपलेली, गालाखाली ग्राफचा कागद, चहावर साय धरलेली. उठवावं की झोपू द्यावं, मला कळेना. शेवटी उठवलं. दहा आज्ञांमधली एक विसाव्याच्या दिवसाची आहे, हे तिला शाळेनंच शिकवलं. मग शाळेनं रविवार मोकळा ठेवावा, एवढंच माझं म्हणणं.

फिजिक्सवाला
मी आयबीलाच शिकवतो. ताई, राग मानू नका, पण रविवार बऱ्याचदा मुलंच मागून घेतात. शुक्रवार दिला की गुरुवारी रात्रभर जागतात आणि सकाळी प्रयोगशाळेत पेंगतात. आयएचे गुण एप्रिलमध्ये आयबीकडे पाठवायचेच असतात, तिथे शाळेचं काही चालत नाही.

बंगळुरूची आई
एप्रिलचं मान्य. पण मसुद्यांच्या तारखा शाळाच ठरवते ना? तीन विषयांचे मसुदे एकाच रविवारी येतात, कारण तीन शिक्षकांनी एकमेकांना विचारलेलं नसतं.

नगरकर
सर, मुलं मागतात म्हणून द्यायचं का? आमच्या घरी चार पिढ्या चर्च आहे. आजी रविवारची भाजी शनिवारी रात्रीच निवडून, चिरून ठेवायची. रविवारी सुईला हात लावू द्यायची नाही. विसाव्याची तयारी आदल्या दिवशी करावी लागते, तो आपोआप मिळत नाही. शाळेनं ख्रिश्चन नाव लावलंय तर ही तयारी शाळेनं करावी. आणि रविवारी शिक्षकांनाही मेल नकोत.

कोडाईचा जुना विद्यार्थी
मला हे पटत नाही. मी कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूलचा. १९०१ साली मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघालेली शाळा. भारतात आयबी पहिल्यांदा तिथे आलं, १९७६ मध्ये. अभ्यास भरपूर असायचा, पण सुट्टीला पाठपिशवी घेऊन डोंगरात जायचो. कामाचा धाक नव्हता, कारण घरून कुणी गुणांचा आकडा सांगितला नव्हता. डिप्लोमा ४५ पैकी २४ गुणांनाही मिळतो. चाळीस गुणांच्या पुढचा हट्ट कुणाचा, ते आधी घरात विचारा.

नगरकर
सगळं आईबापांवर ढकलू नका. तारखा घरी ठरत नाहीत.

बंगळुरूची आई
नाही, कोडाईवाल्यांचं मला लागलं. गणित हायर लेव्हलला तिनं आमच्या आग्रहानं घेतलंय. तिला स्टॅंडर्ड, म्हणजे खालची पातळी, हवी होती. आज जेवताना तिच्याशी बोलते, अजून बदलता येतं का तेही विचारते. गुरुवारी कोऑर्डिनेटरांना भेटायचंय. बारावीच्या सगळ्या मसुद्यांचं एकच कॅलेंडर करा, आठवड्याला एकच मसुदा ठेवा, आणि तो मंगळवारी घ्या, असं सांगणार आहे. फिजिक्सवाले सर, मंगळवार तुम्हाला चालेल का?

फिजिक्सवाला
मंगळवार चालेल. एका कॅलेंडरला शिक्षक कुरकुरतील, तरी आग्रह धरा.