कॅनडा पीआर (कायम निवास) अर्ज नाकारला (सीईसी). १००० डॉलरच्या आत काय करता येईल?

इंद्रायणीकाठ
ऑन्टारिओत आहे, एकटीच. एक्स्प्रेस एंट्रीत (गुणांवर आमंत्रण देणारी पीआरची पद्धत) सीईसीखाली (कॅनडातल्या कामाच्या अनुभवाचा वर्ग) अर्ज होता, गेल्या गुरुवारी पोर्टलवर नकाराचं पत्र आलं. एनओसी (कामाच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक) १२२०० (अकाउंटिंग टेक्निशियन, बुककीपर) लावला होता. पत्रात एवढंच लिहिलंय की, केलेलं काम त्या एनओसीत बसतं याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही. वर्क परमिट (पीजीडब्ल्यूपी, शिक्षणानंतर मिळणारं) अजून ७ महिने आहे. बजेट १००० डॉलर. त्यात बसेल असंच सुचवा, प्लीज. वकिलांचे नंबर नकोत.

टोरांटोकर
वकील करा. फेडरल कोर्टात जा. चार-पाच हजार डॉलर धरून चाला, पण काम पक्कं करा. पीआरच्या बाबतीत पैशाकडे बघायचं नसतं.

सरळरेघ
आधी तारीख बघा, बाकीचं नंतर. कॅनडात झालेल्या निर्णयावर फेडरल कोर्टात जायला निर्णय कळल्यापासून १५ दिवस मिळतात. पोर्टलवर पत्र आलं तो दिवस धरा, तुम्ही उघडून वाचलं तो नव्हे. दाखल करायची फी ५० डॉलर.
तिथे थेट सुनावणी होत नाही. आधी 'लीव्ह', म्हणजे परवानगी मागायची. ती मिळाली आणि जिंकलातही, तरी कोर्ट पीआर देत नाही. फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवतं. शिवाय कोर्ट बघतं ते अधिकाऱ्यासमोर जे कागद होते तेच. नकारानंतर मिळवलेलं नवं पत्र तिथे चालत नाही. म्हणून सगळं यावर आहे की कंपनीच्या पत्रात कामं काय लिहिली होती. त्या ओळी इथे टाका, मग बोलू.

खमंगकाकडी
१५ नाही, ६० दिवस असतात. शंभर टक्के.

सरळरेघ
६० दिवस कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयासाठी. धागाकर्ती ऑन्टारिओत बसलेली आहे. शंका असेल तर १५च धरा, चुकलं तरी नुकसान नाही.

खमंगकाकडी
आमच्याकडे सगळे ६०च म्हणतात.

नर्मदेहर
कोर्टाचं सोडा, आधी पैशाचं बघा. १५२५ भरले असतील ना? त्यातले ९५० प्रोसेसिंगचे गेले. ५७५ म्हणजे पीआर हक्काची फी, ती नकार आल्यावर परत मिळते. म्हणजे बजेट झालं १५७५!

टोरांटोकर
५७५ नाही, ५१५.

नर्मदेहर
३० एप्रिल २०२४ला ५७५ झाली हो. ५१५ जुनी.

इंद्रायणीकाठ
पत्रातल्या ओळी: "इनव्हॉइस नोंदवणे. व्हेंडरची पेमेंटं तयार करणे. थकबाकीसाठी ग्राहकांना फोन करणे. फायलिंग." बस्स, चारच. प्रत्यक्षात जनरल लेजर, ट्रायल बॅलन्स, महिनाअखेरीचं क्लोजिंग, एचएसटी (विक्रीकर) रिटर्न, पेरोल सगळं मीच करते. एचआरने साच्यातलं पत्र दिलं आणि मी तसंच अपलोड केलं.

सरळरेघ
मग कोर्ट विसरा. या चार ओळी म्हणजे सरळ १४२००, अकाउंटिंग क्लार्क. ते टीअर (कामाची पातळी) ४ मध्ये येतं आणि सीईसीला टीअर ० ते ३ लागतं. अधिकाऱ्याने पगार किंवा हुद्दा बघून अंदाज बांधायचा नसतो, पत्र वाचायचं असतं. समोर आलेल्या कागदावर त्याचा निर्णय बरोबरच आहे.
तुमचा मार्ग एकच: नीट पत्र घेऊन एक्स्प्रेस एंट्रीत नवं प्रोफाइल. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, सहीनिशी, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि फोनसह. त्यात रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते, आणि प्रत्येक हुद्द्याची कामं वेगवेगळी. आठवड्याला ३० तासांच्या हिशेबाने वर्षाचे १५६० तास भरले पाहिजेत, आणि तेही अर्जाआधीच्या ३ वर्षांतले. शिकत असताना केलेली नोकरी यात धरत नाहीत.

पोहेजिलबी
सरळरेघ यांच्याशी सहमत. पत्र नीट हवं.

पाटावरवंटा
पत्राबाबत एक सांभाळा. एनओसीच्या साइटवरची वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका, अधिकाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. "लेजर सांभाळते" याऐवजी किती बँक खात्यांचा मेळ, कोणत्या सॉफ्टवेअरवर, एचएसटी तिमाही की वार्षिक, पेरोल किती माणसांचा असं लिहून घ्या. जुन्या पत्रातल्या चार ओळीही नव्या पत्रात राहू द्या. त्या गायब झाल्या तर दोन पत्रं एकमेकांना खोटं पाडतील, आणि चुकीच्या माहितीचा ठपका बसला तर ५ वर्षांची बंदी.
एचआर हटून बसली तर मॅनेजरचं नोटरी केलेलं शपथपत्र, ऑफर लेटर, टी४ (वर्षाच्या पगाराची कर-स्लिप), पगाराच्या स्लिपा, वार्षिक अप्रेझल, आणि एचआरने नकार दिल्याचा ईमेल. हा दुय्यम मार्ग, पण चालतो.

पोहेजिलबी
फ्रेंच शिका. चारही कौशल्यांत एनसीएलसी (फ्रेंचची पातळी) ७ आणलं की फ्रेंचच्या वेगळ्या ड्रॉमध्ये (आमंत्रणांच्या फेरीत) येता, तिथला कटऑफ बराच खाली असतो.

टोरांटोकर
७ महिन्यांत फ्रेंच? इथे लोकांना दहा वर्षांत "बोंजूर"पलीकडे जाता येत नाही.

पोहेजिलबी
शून्यातून अवघड आहे, मान्य. पण पर्याय आहे तर सांगायचा नाही का?

चिंचगूळ
नकारच आहे की अर्ज अपूर्ण म्हणून परत आलाय? अपूर्ण असेल तर पूर्ण फी परत मिळते आणि तो नकार मोजला जात नाही. पोलिस क्लिअरन्स राहिलं की असं होतं.

नर्मदेहर
चिंचगूळ, वर लिहिलंय की नकार आहे म्हणून. वाचा तरी.

चिंचगूळ
बरं. मग पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये "आधी कधी नकार मिळाला आहे का" याला 'हो' लिहा. नकार आल्याने काही बिघडत नाही, लपवला तर बिघडतं.
आणि जीसीएमएस नोट्स (इमिग्रेशन खात्याच्या संगणकातल्या फाईलच्या नोंदी) मागवा. ५ डॉलर. नकाराच्या पत्रातली दोन ओळींची भाषा ठोकळेबाज असते, अधिकाऱ्याने खरं काय लिहिलं ते नोट्समध्ये दिसतं. कायद्याने ३० दिवस, प्रत्यक्षात जास्तही लागतात. म्हणजे १५ दिवसांच्या मुदतीत त्या हाती येतील अशी आशा धरू नका.

पाटावरवंटा
कन्सल्टंट घ्यायचा तर आधी कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या रजिस्टरवर त्याचा परवाना बघा. आणि परवानाधारक कन्सल्टंटही फेडरल कोर्टात उभा राहू शकत नाही, तिथे दुसऱ्याच्या वतीने वकीलच उभा राहतो. "कोर्टाचंही बघून घेतो" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

टोरांटोकर
म्हणूनच म्हटलं, वकील करा.

इंद्रायणीकाठ
एक अडचण सांगायची राहिली. मध्यंतरी ३० पूर्ण झाली, वयाचे ११० चे १०५ गुण झाले. मागचं आमंत्रण काठावरच आलं होतं. पुण्याचा सीए फर्मचा ३ वर्षांचा अनुभव आहे, तिकडचं पत्र चांगलं आहे. त्यावर एफएसडब्ल्यूमधून (फेडरल स्किल्ड वर्कर, एक्स्प्रेस एंट्रीतलाच दुसरा वर्ग) होईल का? आणि इमिग्रेशन अपील डिव्हिजन म्हणून काही असतं ना?

सरळरेघ
अपील डिव्हिजन तुमच्यासाठी नाही. तिथे कुटुंबाला स्पॉन्सर केलेला अर्ज नाकारला गेलेले किंवा आधीच पीआर असलेले लोक जातात. एक्स्प्रेस एंट्रीला अपील नाहीच.
एफएसडब्ल्यू होईल, पण त्याला बँकेत पैसे दाखवावे लागतात, एकटीसाठीही १५ हजार डॉलरच्या वर. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक येते, त्यामुळे उसने आणून आदल्या दिवशी भरलेले दिसतात. आणि कॅनडाचं काम १४२०० धरलं तर त्याचे गुण गेलेच. तेव्हा काहीही करा, इथलं पत्र दुरुस्त झाल्याशिवाय गाडी पुढे जात नाही.
५ गुणांची भरपाई हवी तर आयईएल्ट्स पुन्हा द्या. एखाद्या कौशल्यात सीएलबी (इंग्रजीची पातळी) ८ असेल आणि चारही ९ झाले, तर परदेशी अनुभवाबरोबरचे गुणही वाढतात. नोकरीच्या ऑफरचे गुण मात्र २५ मार्च २०२५ पासून बंद आहेत, ते विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

नर्मदेहर
परमिट संपायच्या आत नवा अर्ज दाखल होऊन पोच आली तर ब्रिजिंग परमिट (निर्णय येईपर्यंतचं वर्क परमिट) मागता येतं. नाकारलेल्या अर्जावर नाही. त्यामुळे प्रोफाइल आजच करा.

इंद्रायणीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं: मॅनेजरचं सविस्तर पत्र मिळालंय, ते जोडून वेबफॉर्मवरून फेरविचाराची विनंती करते. फी नाही. नोट्सचे ५ डॉलर भरलेत. नवं प्रोफाइल त्याचं उत्तर आल्यावर.

सरळरेघ
हे चुकतंय. फेरविचार करायचं बंधन त्यांच्यावर नाही, उत्तर कधी द्यायचं याची मुदत नाही. पहिल्या निर्णयात त्यांची चूक दाखवता आली तरच ते फाईल उघडतात. इथे चूक पत्राची आहे. दोन्ही एकदम करा, प्रोफाइलला एक पैसा लागत नाही.

पाटावरवंटा
+१. दोन्ही करा.

इंद्रायणीकाठ
समजतंय, पण वयाच्या १०५ गुणांवर प्रोफाइल टाकून रोज ड्रॉ बघत बसायची ताकद सध्या नाही. आधी हे.

सरळरेघ
बरं. मग विनंती एका पानाची ठेवा: वर अर्ज क्रमांक, यूसीआय (इमिग्रेशन खात्याने दिलेला तुमचा क्रमांक), नकाराची तारीख, खाली जुन्या पत्रातली ओळ आणि तिच्यासमोर नवी.

खमंगकाकडी
६० दिवस आहेत अजून, घाई करू नका.

चिंचगूळ
अवांतर: ते ५७५ ज्या कार्डाने भरले त्याच कार्डावर येतात का? एका मैत्रिणीचं कार्ड बंद झालंय.