गटारीच्या पार्टीत कुत्र्याला बियर पाजतात, दाजींना कसं समजवू?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. आमच्याकडं पॉम (पॉमेरेनियन) कुत्रा आहे, चिकू नाव, वजन साधारण ५ किलो. गटारीला दाजींच्या तासगावकडच्या मळ्यावर सगळी जमतात, आम्हीपण जातो आणि चिकू बरोबर असतोच. गेल्या वेळी दाजींच्या एका मित्रानं मळ्यातल्या कुत्र्याच्या ताटलीत बियर ओतली, त्यात फरसाण टाकलं, ते बिचारं चाटूनपुसून प्यालं आणि थोड्या वेळानं झोकांड्या खायला लागलं तर सगळे व्हिडीओ काढत हसत बसले. मला बघवेना. बोललो तर दाजी म्हणाले, अरे काय होत नाही, रात्रभर निवांत झोपतंय बघ. यंदा म्हणे चिकूलापण एक कप द्यायचा. दाजी घरचे जावई, मोठे, त्यांच्यापुढं आवाज चढवता येत नाही. नुस्तं वाईट असतं म्हटलं तर ऐकणार नाहीत, म्हणून नक्की काय होतं आणि किती दिली की होतं ते कोणी नीट सांगेल का?

व्हेट_शिरवळ
दादा, शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला शिकतोय. दाजींना आधी वजनाचा हिशोब दाखवा, तो लगेच पटतो. एक कप म्हणजे २०० मिली धरू. ५ किलोच्या चिकूला २०० मिली म्हणजे ६० किलोच्या माणसानं एका दमात २४०० मिली, म्हणजे ६५० च्या साडेतीन बाटल्या पिऊन वर अजून थोडी. आणि बियर स्ट्राँग असेल, ८ टक्केवाली, तर त्या एका कपात १६ मिली शुद्ध अल्कोहोल जातं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या एका पेगमध्येपण जवळजवळ १३ मिली असतं. एवढ्याशा जिवाला हे लई झालं.

आता "निवांत झोपतंय" याबद्दल. ती झोप नाही ओ, मेंदू मंदावतोय. रिकाम्या पोटी असेल तर अर्ध्या तासातच सुरू होतं, आधी तोल जातो, उलटी होते, लाळ गळते, मग सुस्त पडतं. पुढं रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं, रक्तात आम्ल वाढतं आणि श्वास हळू हळू होत जातो. जास्त गेली असेल तर श्वास थांबून मरतं. अजून एक, गुंगीत असताना उलटी झाली की ती फुफ्फुसात जाऊ शकते, मग दारू उतरली तरी न्यूमोनिया मागं लागतो. रात्री सगळे जेवून झोपलेले असताना हे कोण बघणार? म्हणून मला याची जास्त भीती वाटते.

पैलवान_मिरज
एवढं काय नसतं राव. आमचा अल्सेशियन वडिलांबरोबर दर रविवारी ग्लासातली घ्यायचा, म्हातारा होऊनच गेला.

व्हेट_शिरवळ
पैलवान भाऊ, अल्सेशियन ३०-३५ किलोचा, ग्लासाच्या तळाची घोटभर बियर त्याच्या मानानं कमी पडली असेल. तेवढीच पॉमला किंवा दोन महिन्यांच्या पिलाला दिली तर गणित पार बदलतं. आणि वाचला म्हणजे त्रास झाला नाही असं नसतं, पोटात कळ येते, डोकं गरगरतं हे तो सांगणार कुणाला? माणूस स्वतः ठरवून पितो, कुत्र्याला ताटलीत काय ओतलंय ते माहीतच नसतं, तुमच्यावर विश्वास म्हणून तो चाटतो.

अजिंक्यतारा_ताई
साताऱ्यातनं लिहितेय. पार्टीचं सोडा, आमच्याकडं थंडीत पिलांना ब्रँडीचे थेंब पाजायची जुनी सवय आहे, अजूनही लोक विचारतात किती थेंब देऊ म्हणून. कृपा करून एकपण देऊ नका. ब्रँडीनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, वरनं ऊब वाटते पण अंगातली उष्णता उलट बाहेर जाते, गारठलेलं पिल्लू अजून गार पडतं. गोणपाट, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, आईचं दूध, बास.

तसंच गोचिडांसाठी अंगाला स्पिरिट चोळतात. ते कातडीतनं आत जातं, वाफ नाकात जाते आणि कुत्रं अंग चाटतं ते वेगळंच. सॅनिटायझरमध्ये तर ६०-७० टक्के अल्कोहोल असतं, बाटली चावायला मिळेल अशी ठेवू नका. आणि ज्यांच्या घरी पाव, पिझ्झा करतात त्यांनी यीस्ट घातलेलं कच्चं पीठ जपा. पोटातल्या उबेत ते फुगत जातं, पोट टम्म होतं आणि आत अल्कोहोलपण तयार होतं.

बेदाणा_शेड
तासगावचाच आहे म्हणून सांगतो, मळ्यावर वाईन आली तर अजून जपा. द्राक्षं आणि बेदाणा कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत, यातलं टार्टारिक ॲसिड त्याला कारण असावं असं अलीकडं मानतात, म्हणून चिंचसुद्धा देऊ नये. आमच्याकडं शेडमध्ये खाली बेदाणा सांडलेला असतोच, कुत्री आत येऊ नयेत म्हणून आम्ही दाराला जाळी मारली. किती खाल्ला की बाधतो याचा नेम नाही, एखाद्याला थोड्यानंच त्रास होतो. चकण्यातला कांदापण नको, रक्त खराब करतो.

कृष्णाकाठ (सांगली)
सगळ्यांचे आभार. समजा आपण जेवायला बसलो आणि कुणी पाजलीच तर काय करायचं? मळ्यावरनं डॉक्टर लांब आहे. आमच्यात लिंबू नाहीतर ताक पाजतात, कुणी काळी कॉफी म्हणतं.

व्हेट_शिरवळ
यातलं काहीच नको. कॉफीतलं कॅफिन कुत्र्याला वेगळं विष आहे. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला तर अजिबात जाऊ नका, मीठ बाधतं आणि गुंगीत असेल तर उलटी छातीत जाते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणीसुद्धा ओतायचं नाही. कुशीवर झोपवा, मान थोडी पुढं, कोरड्या चादरीत गुंडाळा (पावसात भिजलं असेल तर आधी पुसा) आणि वाट न बघता गाडीत घाला. निघतानाच डॉक्टरांना फोन करा. काय प्यालं, किती, किती वाजता आणि वजन किती, एवढं सांगा, बाटलीचा फोटो काढून न्या म्हणजे टक्केवारी कळते. तिथं सलाईन, साखर कमी असेल तर डेक्स्ट्रोज, ऊब, गरज पडली तर ऑक्सिजन देतात. विष शोषून घ्यायला देतात ती कोळशाची पावडर दारूवर फारशी चालत नाही, म्हणून घरच्या उपायांत वेळ घालवण्यात अर्थ नाही. वेळेत पोचलं तर बहुतेक कुत्री दिवसभरात सावरतात.

अजिंक्यतारा_ताई
आणि दाजींशी तुम्ही वाद घालू नका, तुमच्या ताईला सांगा. हा सगळा हिशोब तिलाच पाठवा, ती बोलली की ऐकतील. त्या मित्राला मात्र स्पष्ट सांगायला हरकत नाही की प्राण्याला मुद्दाम अपायकारक वस्तू पाजणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये गुन्हा आहे, आणि व्हिडीओ काढला तर पुरावा त्यांनीच दिला.

कृष्णाकाठ (सांगली)
ताईला सगळं पाठवलं. ती आधी चिडलीच, म्हणाली मला त्या दिवशीच का नाही सांगितलं. मळ्यातल्या कुत्र्याला ती दुपारीच घरामागच्या खोलीत जेवण-पाणी देऊन ठेवणार आहे, ग्लास, बाटल्या खाली ठेवायच्या नाहीत असं दाजींनाच सांगायला लावलंय. चिकू आईजवळ सांगलीतच राहील. तरी चुकून कधी काय चाटलंच तर तोल जाणं सोडून अजून कशावरनं ओळखायचं? आईला दिसायला थोडं कमी दिसतं.

व्हेट_शिरवळ
आईंना सांगा, हाक मारल्यावर कान हलवत नाही, उभं केलं की मागचे पाय पसरतात, कान आणि पंजे हाताला गार लागतात, तोंडाला दारूचा वास येतो. यातलं एक जरी जाणवलं तरी लगेच फोन करा. श्वास मोजायचा असेल तर छातीवर हात ठेवून एक मिनिट मोजा, शांत पडलेल्या कुत्र्याचा साधारण १० ते ३० असतो, त्याच्याखाली गेला तर थांबू नका.