हॅलोविनसाठी गोव्यातलं भूत हवंय

पंचगंगा_काठ: नमस्कार मंडळी. मी मूळची कोल्हापूरची, यंदा गोवा विद्यापीठात एमएस्सीला आलेय, ताळगाव पठारावर हॉस्टेलमध्ये राहते. ३१ ऑक्टोबरला आमच्या मजल्यावर हॅलोविनचं घाटतंय. भोपळा कोरायचं काम दुसऱ्यांकडे, इथल्या भुतांच्या गोष्टी सांगायचं माझ्याकडे. दोना पावला नावाच्या बाईनं कड्यावरून उडी घेतल्याची गोष्ट बसच्या कंडक्टरपासून मेसच्या मावशींपर्यंत सगळ्यांनी ऐकवली. ती खरी आहे का? दुसरं काही असेल तर तेही सांगा, रात्री झोप उडाली पाहिजे.

डिचोलीकार: उडी सोडून दे. बाई खरी होती, १६८२ साली वारली, कबरीचा दगड राजभवनाच्या (आताच्या लोकभवनाच्या) चॅपेलमध्ये आहे. चांगली लग्न झालेली, मोठ्या घरातली पोर्तुगीज बाई. कोळ्यावरचं प्रेम आणि कड्यावरून उडी हा नंतरचा मीठमसाला. दोना पावलाच्या जेटीवरचा पांढरा पुतळा दाखवून ‘हीच ती जोडी’ सांगतात, तेही खोटं. तो यर्सा फॉन लाइस्टनर यांनी १९६९ साली केलाय आणि त्याचा विषय भारत आहे!

तू देवचार सांग. पण तो मानगुटीवर बसणाऱ्यांतला नव्हे, गावाचा राखणदार. रात्रभर हद्द फिरतो, म्हणून लोक त्याला दांडा देतात, वहाणा देतात. फिरून झिजतात ना! म्हापशाच्या बोडगेश्वराच्या हातातही दांडा आणि मशाल आहे, शनिवारी जाऊन बघून ये. माझा मामा मळणी झाली की भाटातल्या (बागायतीतल्या) झाडाखाली रोंट म्हणजे जाड भाकरी, द्रोणात फेणी आणि एक विडी ठेवायचा. विडी पेटवून. ‘त्याच्याकडे माचिस कुठली?’ म्हणायचा, आणि मागे न बघता सरळ घरी. आजी तर दिवेलागणीनंतर त्याचं नावच घेत नसे, ‘तो’ म्हणायची.

झोपच उडवायची असेल तर होळीला आमच्या तालुक्यात साळला ये. अंगात आलेले गडे, म्हणजे गावातले ठरावीक पुरुष, अंधारात रानाकडे धावतात, लांब डोंगरावर उजेड दिसतो, आणि देवचार एखाद्या गड्याला लपवतो असं मानतात. मग बाकीचे त्याला शोधून आणतात.

बाकी, भोपळ्याची हौस कशाला? दिवाळीला वाड्यावाड्यावर पोरं नरकासुराचे पुतळे बांधतात, रात्रभर मिरवतात, पहाटे जाळतात, मग कारीट फोडून पोहे. २०२४ ला तर ती जाळायची पहाट नेमकी ३१ ऑक्टोबरची होती. डीजेचा तेवढा वैताग.

सासष्टीची_सून: हॅलोविन करा, पण तोंड रंगवून सिमित्रीत (कबरस्तानात) फोटो काढायला जाऊ नका. आमचे ख्रिश्चन शेजारी २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं-मेणबत्त्या लावतात, त्याआधी घासून-पुसून घेतात. तिथे आदल्या दिवसांत कवटीचे मुखवटे घालून पोरं फिरली की म्हाताऱ्यांना लागतं. गेल्या साली आमच्या वाड्यावर यावरून चांगलंच वाजलं होतं.

पंचगंगा_काठ: सिमित्री रद्द. देवचार पक्का. फेणी हॉस्टेलात चालत नाही, रोंट मात्र करता येईल. नाचणीचा असतो का?

डिचोलीकार: आमच्याकडे तांदळाचा. पण तो खरा ठेवायचा नसतो हां, नुसती गोष्ट सांग. एकदा ठेवलास तर दरवर्षी ठेवावा लागेल, आणि तू तर दोन वर्षांनी कोल्हापूरला जाणार.