मदत हवी आहे: चेनसॉ मिलवर फळी मधे जाड का निघते?

आंबेवाला_इंदूर
रामबागेतल्या घरामागचा आंबा वादळात पडला. मोठी चेनसॉ आहे, मिलची चौकट (ओंडका उभा चिरायला चेनसॉला लावतात ती) आहे, पहिल्या छेदाला चौकट सरळ सरकावी म्हणून ओंडक्यावर शिडी नीट लेव्हल करून बांधली होती. तो छेद सुरेख गेला. आता फळी कडांना दोन इंच आणि मधे अडीच. चौकट घट्ट आहे, तीनदा तपासली. "सुताराला बोलवा" हा सल्ला नको. पाऊस तोंडावर आलाय, लवकर सांगा.

कानसबहाद्दर
किती सीसी? बार, म्हणजे चेन फिरते ती पट्टी, किती लांब? चेन कोणती? ओंडका किती रुंद? बाकी सगळं सांगितलंत, एवढंच राहिलं.

आंबेवाला_इंदूर
१०५ सीसी, ३६ इंची बार, चेन सोबत आली तीच, ४०४ पिच (कड्यांमधलं अंतर ०.४०४ इंच). ओंडका २८ इंच.

महूवाला
इथेच घोळ. सोबत येते ती आडवं तोडायची चेन, तिच्या दातांचा कोन साधारण ३० अंश. उभं चिरायला १० अंशाची रिपिंग चेन लागते. चेन बदला, विषय संपला.

कानसबहाद्दर
विषय कसला संपला? ३० अंशाच्या चेननं छेद हळू जातो, पृष्ठभाग खरबरीत येतो. पण फळीला पोट सुटत नाही. मी त्याच चेनवर बाभळीच्या फळ्या काढल्यात.

महूवाला
काढल्या असतील. रंधा किती दिवस मारत होतात तेही सांगा.

राजवाडाकर
परवानगी घेतलीत का? मध्य प्रदेशात शहरी हद्दीत २००१ चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे. आणि आपल्याकडे आरा मशीनला १९८४ च्या काष्ठ चिरान कायद्याखाली परवाना लागतो. चेनसॉ त्यात बसते का ते एकदा विचारून घ्या.

आंबेवाला_इंदूर
झाड मी नाही पाडलं, वादळानं पाडलं. परवाना त्याच्याकडे मागा. फळीचं बोला.

सराफ्यातला_खवय्या
रामबागेत १०५ सीसी! शेजारी अजून बोलतात का तुमच्याशी?
अवांतर: झाड कैरीचं होतं की रसाचं?

पॉलिशवाली_मावशी
टेबल करणार असाल तर इपॉक्सी ओतू नका रे बाबांनो, आंब्याचा रंग मरतो. तेल-मेणाचा हात द्या. आणि फळीची दोन्ही टोकं आजच्या आज रंगानं किंवा मेणानं बंद करा, नाहीतर टोकाकडून तडे जातील. मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून सावलीत रचा, पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत. वाळायला इंचाला एक वर्ष धरा.

आंबेवाला_इंदूर
मावशी, आधी फळी तर निघू दे.

कानसबहाद्दर
भुसा कसा पडतोय? जाडसर, की पिठासारखा?

आंबेवाला_इंदूर
आधी जाडसर होता. आता पीठ. मशीन दाबावी लागते, बारही तापतो.

कानसबहाद्दर
मग दाबू नका, बार जाईल. दात एकाआड एक डावे-उजवे असतात. मिलवर चेन आडवी चालते, म्हणजे त्यातले अर्धे छेदाची वरची बाजू कापतात, अर्धे खालची. एका बाजूचे बोथट झाले की बार धारेच्या बाजूला ओढला जातो. तुमची फळी मधे जाड, म्हणजे बार तिथे खाली चाललाय, म्हणजे वरचे दात गेलेत. उन्हात धरून बघा. धारदार कड चमकत नाही. बोथट कडेवर पांढरी रेघ दिसते.

महूवाला
किंवा बारची खाच, चेन जिच्यातून पळते ती, एका बाजूला झिजली असेल. मागे माझं तेच झालं होतं.

कानसबहाद्दर
पहिला छेद सुरेख गेला म्हणतायत ते. खाच एका छेदात झिजते होय?

आंबेवाला_इंदूर
वरच्या दातांवर रेघ आहे. सगळ्या. खालचे ठीक. पण धार एकाच बाजूची कशी जाईल?

कानसबहाद्दर
छेदाच्या वरच्या अंगाला काही लागलं असणार. फळीवर काळा-निळा डाग आहे का?

आंबेवाला_इंदूर
आहे, तळव्याएवढा. ओल मुरली असेल. त्याचा काय संबंध?

कानसबहाद्दर
ओल नव्हे, लोखंड. लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग झाला की असाच शाईसारखा डाग पडतो. फांदीला झोपाळा, कपडे वाळवायची तार, काही होतं?

आंबेवाला_इंदूर
झोपाळा होता. पण कड्या काढल्या होत्या.

महूवाला
दिसणाऱ्या काढल्या असतील. खोड वाढताना खिळे पोटात घेतं. रिपिंग चेन असती तरी तिचीही वाट लागली असती, हे मान्य.

कानसबहाद्दर
लिहून ठेवा रे कोणीतरी.
आंबेवाला, ५.५ मिमीची गोल कानस घ्या. सगळ्यांत आखूड झालेला दात शोधा, बाकीचे दोन्ही बाजूंचे त्याच्या मापाला आणा, नुसते वरचे घासू नका. डेप्थ गेजही तपासा (दातापुढचा उंचवटा, दात किती खोल कापेल ते तो ठरवतो). आणि पुढच्या छेदाआधी ओंडक्यावरून मेटल डिटेक्टर फिरवा.

आंबेवाला_इंदूर
कानस सियागंजात मिळेल. डिटेक्टर कुणाकडे आहे का? दोन दिवसांसाठी द्या.

सराफ्यातला_खवय्या
माझ्या मेव्हण्याकडे आहे. पण आधी सांगा, कैरीचं की रसाचं?